जगनमोहनमधले सावंतवाडीकर

म्हैसूरला आले की मुक्काम कुवेंपुनगरात, ताईकडे. या खेपेस हाताशी एकच दुपार होती, रात्रीची गाडी. ताई म्हणाली, "चामुंडी तरी करून ये, नाहीतर राजवाडा." मी बस पकडली ती जगनमोहनसाठी. सावंतवाडीत वाढलेल्या आणि जन्मभर मुलांना चित्रकला शिकवलेल्या बाईची पावलं या शहरात दुसरीकडे वळतच नाहीत.

सिटी बस स्टँडला उतरलं की मोठा राजवाडा समोरच. गर्दी सगळी तिकडे. पण वयाने थोरला आहे तो त्याच्या पश्चिमेचा जगनमोहन. तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी तो 1861 मध्ये बांधला. 1897 मध्ये राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी राजवाडा जळाला आणि राजघराणं इथे राहायला आलं. हेन्री आयर्विनने आखलेला नवा राजवाडा 1912 मध्ये पुरा होईपर्यंत म्हैसूरचा संसार याच वास्तूत चालला. नालवडी, म्हणजे चौथ्या, कृष्णराजांचा राज्याभिषेक 1902 मध्ये इथेच झाला, त्याला लॉर्ड कर्झन हजर होता. पुढे 1915 मध्ये या राजवाड्याचं चित्रसंग्रहालय झालं.

मी मात्र तलवारी आणि फ्रेंच घड्याळ ओलांडून सरळ एका चित्रापाशी जाते. हातात दिवा घेतलेली तरुणी, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. 'ग्लो ऑफ होप'. चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म 1882, सावंतवाडीचा. चित्रासाठी उभी राहिली त्यांचीच मुलगी, गीता.

ज्योतीवर धरलेली बोटं बघावीत. उजेड बोटांच्या आरपार येतो आणि कडा लालसर पेटतात. तेलरंगात उजेड शेवटी वरून ठेवता येतो. हे चित्र जलरंगातलं आहे. तिथे सगळ्यांत उजळ जागा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. कुठे रंग लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि एकदा ओघळ गेला की तो मागे घेता येत नाही. चेहऱ्यावरचा सोनेरी उजेड, मागे भिंतीवर पडलेली सावली, आणि या दोन टोकांमधल्या सगळ्या छटा त्यांनी पाण्याने बांधल्या आहेत. वर्गात मुलांना मी हे कितीदा सांगितलं, पण चित्रासमोर उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही.

आणि तरी पुष्कळ लोक हे चित्र रविवर्म्याचं समजतात! त्याची तेलचित्रं याच संग्रहात आहेत, म्हणून असेल. रविवर्मा 1906 मध्ये वारले, तेव्हा हळदणकर जेमतेम चोविशीत होते. त्यांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, 1918 मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही ते होते. असा माणूस स्वतःच्या चित्राखाली हरवावा, याचा मला फार त्रास होतो.

गीताबाई लग्नानंतर कोल्हापूरच्या उपळेकर झाल्या आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून गेल्या. म्हणजे परवापरवापर्यंत ती दिवा धरलेली मुलगी आपल्यात होती.

शेजारी एक कुटुंब उभं होतं, सोलापूरकडचं असावं. वडील मुलाला रविवर्म्याचं नाव सांगत होते. मी म्हटलं, "दादा, हे हळदणकरांचं. आपल्या सावंतवाडीचे." त्यांनी मुलाकडून ते नाव दोनदा म्हणून घेतलं. आता घरी पोचले की गावातल्या शाळाशाळांत जाऊन मुख्याध्यापकांना सांगणार आहे, या चित्राची प्रत वर्गात लावा आणि खाली नाव मोठ्या अक्षरांत लिहा.