कारखान्याचे पत्र वाचकाचे कसे झाले

१९२० साली औंध संस्थानातल्या किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे ते मुखपत्र. आपला माल लोकांना माहीत व्हावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. अशी पत्रे आजही निघतात. फक्त ती आता टपालाऐवजी ई-मेलने येतात आणि त्यांतली कित्येक न उघडताच पुसली जातात. ‘खबर’च्या वाट्याला हे नशीब आले नाही. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतले एक मातब्बर मासिक झाले आणि नांगराशी काडीचा संबंध नसलेली माणसेही त्याची वाट पाहू लागली. ग्राहकांना नियमित पाठवायचे पत्र देखणे आणि परिणामकारक कशाने होते, या प्रश्नाचे मराठीपुरते सर्वांत चांगले उत्तर मला या इतिहासात दिसते. ते असे, की मांडणी म्हणजे सजावट नव्हे, मांडणी म्हणजे जागेची वाटणी. कागदावरची किती जागा वाचकाची, किती पाठवणाऱ्याची, आणि वाचकाची जागा पहिल्या नजरेत सापडते की नाही, यावर पत्राचे भवितव्य ठरते. रंग, चित्रे, अक्षरांचे वळण यांचे काम त्यानंतर सुरू होते.

ही जाण मराठी छपाईत पहिल्यापासून होती. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले तेव्हा त्याच्या पानावर दोन स्तंभ होते, एकात मराठी मजकूर आणि शेजारी इंग्रजी. ही रचना शोभेसाठी नव्हती. मराठी वाचकाला नव्या ज्ञानाची ओळख व्हावी आणि इथल्या लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांना कळावे, या दोन उद्देशांना एकाच पानावर शेजारी शेजारी बसवले होते. कोणासाठी लिहितो आहोत हे पान पाहताच कळत होते. त्या काळी सजावटीला वावही फार नव्हता. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे आणि वरखालच्या मात्रा-उकारांमुळे जुळाऱ्याला इंग्रजीच्या कित्येक पट खिळे हाताळावे लागत. म्हणून अक्षर स्वच्छ उठणे हीच पहिली शोभा ठरली, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव झाले ते मुख्यतः सुबक टायपामुळे. चित्रांची गोडी त्यानंतरची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि मासिक हे वाचण्याइतकेच पाहण्याचेही असते, ही सवय मराठी घरांना लावली.

किर्लोस्करवाडीची अडचण मात्र वेगळी होती. ‘दर्पण’ किंवा ‘मनोरंजन’ घेणारा माणूस वाचायलाच बसलेला असे. नांगराच्या गिऱ्हाइकाने कसलीही वर्गणी भरलेली नव्हती, आणि त्याचा मालावर विश्वासही नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात पहिले लोखंडी नांगर घडवले तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शंका शेतकऱ्यांनी घेतली आणि नांगर बराच काळ पडून राहिले. १९१० मध्ये औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आला; तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. तरी गिऱ्हाइकाचा भरवसा मिळवायचे काम बाकी होते. अशा माणसाला नुसती दरपत्रके पाठवून काय होणार? शंकेखोर वाचकाला मालाची स्तुती जितकी मोठ्या अक्षरांत सांगावी तितकी त्याची शंका बळावते. त्याला आधी त्याच्या उपयोगाचे काही द्यावे लागते. त्यातून देणाऱ्याबद्दल विश्वास तयार होतो, आणि माल त्या विश्वासाच्या मागून येतो.

‘खबर’ ज्यांच्या हाती होते ते शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे, आणि शिक्षणाने चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले होते. खुद्द लक्ष्मणरावांनीही तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला होता; रंगांमधला फरक नीट ओळखता येत नाही हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. रेषेची कदर असलेल्या अशा कुटुंबातून एखादे नटवे पत्र निघाले असते तर नवल नव्हते. प्रत्यक्षात शंकररावांनी कुंचला विचाराच्या सेवेला लावला. त्यांची व्यंगचित्रे, जी पुढे ‘टाकांच्या फेकी’ या नावाने एकत्र आली, रूढींवर, आळसावर, परावलंबनावर नेमके बोट ठेवत. चित्र पाहिले की पान कशाबद्दल आहे ते कळे आणि नजर मजकुराकडे वळे. मजकूरही हळूहळू पसरत गेला. कारखान्याच्या बातम्यांशेजारी उद्योगधंद्यांची माहिती आली, विज्ञान आले, समाजसुधारणा आली, कथा आणि विनोद आले. ना. धों. ताम्हनकरांचा विनोदी ‘दाजी’ वाडीतूनच वाचकांपर्यंत पोचला, आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध याच मासिकाने छापले. कारखान्याची जागा आकसत गेली, वाचकाची वाढत गेली, आणि तरीही मुखपृष्ठावर नाव कारखान्याचेच राहिले.

वाटणीचे हे तत्त्व पुढे आणखी टोकदार झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ निघाले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. घरातल्या बाईचे प्रश्न आणि तरुणांची आवड एकाच अंकात कोंबण्याऐवजी प्रत्येकाला स्वतंत्र मासिक दिले. आज ई-मेल पाठवणारे लोक ग्राहकांच्या याद्या आवडीनुसार वेगळ्या करतात आणि तो संगणकाच्या युगातला शोध समजतात. वाडीत तो खिळे जुळवून झाला होता. गुजराण, संसार आणि करमणूक या तिन्हींचे वाचक वेगळे असतात, हे ओळखणे हा मांडणीचाच भाग आहे. चुकीच्या माणसाकडे गेलेले पत्र कितीही सुंदर असले तरी त्याला फाफटपसाराच वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे यश मांडणीचे नव्हे, लेखकांचे. सावरकर आणि ताम्हनकर यांच्यासारखी माणसे लिहीत असतील तर मांडणीला कोण विचारतो? पण लेखकांना जागा मिळाली ती कोणीतरी कारखान्याची जागा कमी केली म्हणून. नांगराच्या पत्रात कथेला पाने द्यायची, हा निर्णय मजकुराचा जितका तितकाच रचनेचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्राने अंक खपतो, हे मराठीत वारंवार सिद्ध झाले आहे. रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंकांना गिऱ्हाइक मिळवून दिले, आणि दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ काढला. हे खरे आहे आणि त्या चित्रांचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण दिवाळी अंक वर्षातून एकदा, स्टॉलवर उभे राहून, हौसेने निवडला जातो. नियमित येणारे पत्र घरी येऊन पडते आणि महिन्याने पुन्हा येते. पहिल्या खेपेला ते चित्रामुळे उघडले जाईल. चौथ्या खेपेला ते उघडायचे की नाही, हे मागच्या तीन खेपांत काय मिळाले यावर ठरते.

‘किर्लोस्कर’ची एक बाजू मात्र याच तत्त्वाच्या कसोटीवर उतरत नाही, आणि ती झाकून चालणार नाही. सावरकरांच्या लिपिसुधारणेला साथ देत या मासिकांनी अनेक वर्षे ‘अ’ची बाराखडी वापरली, ‘इतर’ऐवजी ‘अितर’, ‘उद्योग’ऐवजी ‘अुद्योग’ असे छापले. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा तो प्रामाणिक, बुद्धिनिष्ठ प्रयत्न होता. तरीही ती लिपी रुजली नाही. सोय छापणाऱ्याची होती आणि सवय मोडायची होती वाचकाने. ज्यांनी वाचकाला इतके दिले त्यांच्याकडूनही तो हे स्वीकारू शकला नाही. पाठवणाऱ्याच्या सोयीसाठी वाचकाच्या डोळ्यांवर ओझे टाकणारी मांडणी, हेतू कितीही उमदा असो, शेवटी मागे पडते.

मग कोणी म्हणेल, मासिक मोठे झाले पण नांगराची जाहिरात बाजूलाच पडली. कारखान्याच्या दृष्टीने पत्र वाया गेले. याला उत्तर देणारा दूरचा पण अचूक दाखला आहे. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले, आणि ते आजही निघते. त्याचाही भर शेतीच्या उपयोगी मजकुरावर राहिला आहे. याच्या उलट टोकाला १९७८ सालचा प्रसंग ठेवून पाहावा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. पत्त्यांची यादी इतकी लांबली की ती मजकुराच्या जागेत सांडली. तक्रारी आल्या आणि जाळे चालवणाऱ्यांनी समज दिली. वाचकाच्या जागेवर पाठवणाऱ्याने अतिक्रमण केल्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण.

आजच्या ई-मेल पत्राच्या मर्यादाही याच दिशेने बोट दाखवतात. सुमारे ६०० पिक्सेल रुंदीचा एकच स्तंभ ठेवण्याचा प्रघात आहे, कारण अनेक टपालपेट्यांत याहून रुंद रचना मावत नाही. काही ठिकाणी चित्रे आपोआप दिसत नाहीत, त्यामुळे सगळा मजकूर चित्रात गुंडाळून पाठवणाऱ्याच्या वाचकाला रिकामी चौकट मिळते. ‘आउटलुक’ने २००७ मध्ये ई-मेल दाखवण्यासाठी ‘वर्ड’चे यंत्र वापरायला घेतले आणि मांडणीकारांना जुन्या पद्धतीच्या तक्त्यांवर परतावे लागले. या बंधनांमुळे चांगल्या पत्राला पुन्हा तेच करावे लागते जे खिळ्यांच्या टंचाईतल्या छापखान्याने केले: स्वच्छ अक्षर, ठसठशीत मथळा, मोजकी चित्रे, आणि वर पहिल्या काही ओळींत वाचकाच्या कामाची गोष्ट. मराठी पत्राने तर ओळींमध्ये जरा जास्त मोकळी जागा सोडावी, कारण आपल्या वेलांट्या आणि उकार वरखाली पसरतात आणि दाटीत एकमेकांवर चढतात. हे सगळे सांभाळूनही पत्र पुसले जात असेल, तर चूक रंगात शोधू नये. पान समोर ठेवून ओळी मोजाव्यात: किती आपल्या, किती वाचकाच्या. शंभर वर्षांपूर्वी एका नांगराच्या कारखान्याने ही मोजणी वाचकाच्या बाजूने केली आणि त्याला आयुष्यभराचे वाचक मिळाले.