भाकरीऐवजी काय, यापेक्षा किती

डॉक्टरांनी ‘साखर वाढलीय, पोळी-भात कमी करा’ असं सांगितलं की मराठी घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग पोळीऐवजी काय? ‘कमी’ हा शब्द वाटेतच कुठेतरी गळतो आणि ‘ऐवजी’ तेवढा उरतो. मग कोणी ज्वारी सुचवतं, कोणी नाचणी, कोणी राजगिरा. शहरातली मंडळी बदामाच्या पिठापर्यंत किंवा फ्लॉवर किसून थापलेल्या भाकरीपर्यंत पोचतात. या सगळ्या शोधामागे एक गृहीतक आहे. ताटात काहीतरी गोल, भाजलेलं आणि मोडून कालवणाला लावता येईल असं असलंच पाहिजे. फक्त ते कशाचं असावं एवढंच ठरवायचं. सोयगावसारख्या एका तालुक्याच्या ताटाचा इतिहास उलगडून पाहिला तर या गृहीतकाचा कच्चेपणा दिसतो. तिथली भाकरी अनेकदा बदलली, कधी हौसेनं, बहुतेकदा नाइलाजानं. पण पीठ बदलल्यानं जेवणाचा तोल क्वचितच बदलला. तो बदलायचा तर भाकरीनं व्यापलेली जागाच कमी व्हावी लागते.

सोयगाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे, पण अजिंठ्याच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, हळद्याचा घाट उतरून वेताळवाडीच्या किल्ल्याखाली. जिल्ह्यातलं बहुतेक पाणी गोदावरीला जातं, इथलं तापीला. १९४८ पर्यंत मुलूख निजामाचा होता, पण बाजार पाचोरा-शेंदुर्णीचा आणि बोलीवर खानदेशी छाप. जेवणही तसंच दोन्हीकडचं: मराठवाड्याची ज्वारी-बाजरी आणि खानदेशाची कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. कळण्याकडे पुढे परत यावं लागेल, कारण पर्यायाच्या सगळ्या चर्चेत खरोखर काही वेगळं करणारी तीच एक जुनी युक्ती आहे.

आज ज्या ज्वारीला आपण ‘मूळची’ म्हणतो ती स्वतःच एक बदली आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्यांचं मुख्य धान्य होतं जव. ज्वारी आणि बाजरी ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेची. ती इथल्या कोरडवाहू जमिनीत इतकी रुजली की जव आता फक्त पूजेच्या सामानात दिसतं. मका तर अमेरिकेतून आलेला, आणि सिल्लोड-सोयगावच्या आजच्या शिवारात तो कपाशीच्या बरोबरीनं उभा असतो, जरी त्यातला बराचसा कोंबडीखाद्याच्या आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे जात असला तरी. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांचं धान्य खा’ असं सांगणाऱ्यानं कोणते पूर्वज हे आधी सांगावं. गंमत अशी की चरकसंहितेत प्रमेहाच्या रोग्याला जे धान्य आवर्जून सुचवलं आहे तेही जवच. म्हणजे साखरेच्या रोग्यासाठी धान्याची बदली सुचवण्याची परंपरा फार जुनी आहे. पण त्याच परंपरेत भरपूर चालणं, अंगमेहनत करणं हेही सांगितलेलं आहे. आपण जव विसरलो आणि मेहनतही, फक्त बदलीची सवय तेवढी जपली.

जेवण आवरण्याची दुसरीही एक रीत याच तालुक्यात रुजलेली होती. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यातच येतात. बौद्ध भिक्षूंच्या विनयात ‘काय खावं’ यापेक्षा ‘कधी खावं’ यावर जोर आहे: दुपार कलल्यावर अन्न घ्यायचं नाही. भिक्षेत पडेल ते धान्य, पण वेळेची मर्यादा पक्की. वाकाटक काळात इथे राहणाऱ्या भिक्षूंच्या ताटात नेमकं काय पडे याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. नियमाचं स्वरूप मात्र स्पष्ट आहे. अलीकडे डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोचवलेला आहारक्रम याच जातीचा आहे: दिवसातून दोनदा, कडकडून भूक लागेल तेव्हा, आणि पंचावन्न मिनिटांच्या आत. त्यावर वैद्यकीय वाद झाले आणि ते व्हायलाही हवेत. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अलीकडच्या काळात मराठी घराघरांत सर्वाधिक पोचलेला आहारसल्ला पिठाच्या बदलीवर उभा नाही.

याच्या नेमकी उलट गोष्ट उपासाची. एकादशीला धान्य वर्ज्य, म्हणून भाकरीला पर्याय: भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, बटाटा. हेतू होता भाकरी सोडण्याचा आणि झाला भाकरीचा संपूर्ण पर्यायी संसार. त्यातला साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदाचा, जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो कंद आणि बटाटा दोन्ही दक्षिण अमेरिकेतून आलेले, म्हणजे उपासाच्या ताटातला निम्मा ‘सनातन’ भाग गेल्या काही शतकांतला आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही. पोटभरीची जागा तशीच ठेवून धान्य तेवढं बदललं की काय होतं, याचा हा शेकडो वर्षं चाललेला प्रयोग आहे, आणि निकाल सगळ्यांना माहीत आहे.

नाइलाजानं झालेल्या बदल्या मात्र उपासाइतक्या हसण्यावारी नेता येत नाहीत. १८७६-७८ च्या दुष्काळात शेजारच्या इंग्रजी मुलखात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराची रोजी पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं विरोध केला. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांचा आक्षेप जास्त मुद्द्याचा होता: कष्ट करणाऱ्या माणसाला नुसतं धान्य पुरत नाही, डाळ आणि भाजीही लागते. सरकारनं पोट धान्याच्या मापानं मोजायचं ही रीत तिथून पुढे सुटलीच नाही. १९७२ च्या दुष्काळात तीच पुन्हा दिसते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळे. कामावरच्यांना सुकडी मिळे. मिलोनं जीव वाचवले हे खरं आहे आणि ते कमी लेखू नये. पण मिलोची भाकरी म्हणजे ज्वारीच्या भाकरीचीच गरीब सावत्र बहीण. कालवण आधीच आटलेलं, त्यात भाकरी तेवढी दुसऱ्या धान्याची.

दुष्काळ सरला, माप तेच राहिलं. दुष्काळाच्या आधीच, १९६४ साली, सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण आला. उत्पन्न वाढलं, पण खाणाऱ्यांनी ‘हायब्रीड’च्या भाकरीला कायम नाक मुरडलं. खरिपाची ज्वारी हळूहळू शिवारातून हटली. तिची जागा कपाशीनं आणि मक्यानं घेतली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर हे आणखी वेगानं झालं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि महाराष्ट्रात तो प्रत्यक्षात मुख्यतः गहू-तांदळाच्या रूपानं पोचला. ज्या घरात चपाती सणाला होत असे तिथे ती रोजची झाली आणि ज्वारी विकत आणायची वस्तू बनली. या बदलात चपातीपेक्षाही मोठी हानी ज्या गोष्टीची झाली तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पूर्वी कपाशी-ज्वारीच्या मधल्या तासांत तूर, उडीद, मूग, चवळी असायची. ती विकायला कमी आणि घरच्या कोठीला जास्त. सलग पीक आलं आणि कोठीतलं कडधान्य आटलं. भाकरी ज्वारीची की गव्हाची हा वाद रंगला, कोरड्यास पातळ झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं सुमारे ६८ ग्रॅम, नाचणीत ६७, गव्हाच्या कणकेत ६४, बाजरीत ६२. भगर आणि राजगिराही याच पट्ट्यात. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर ज्वारीची सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं देते आणि तेवढ्याच कणकेची पोळी ३८ ते ३९. म्हणजे पोळी सोडून भाकरी धरणाऱ्यानं या हिशेबात काहीच कमावलेलं नसतं, उलट ग्रॅम-दोन ग्रॅम जोडलेले असतात. साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं ठेवली तर त्या आहाराला कमी कर्बोदकांचा म्हणतात. दोन वेळा दोन-दोन भाकरी झाल्या की १६० ग्रॅम तिथेच संपले. कोणत्याही धान्याच्या नुसत्या अदलाबदलीनं हे गणित सुटत नाही. तीनऐवजी एक भाकरी खाल्ली की मात्र एका झटक्यात ८० ग्रॅम कमी होतात.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. देशभरातल्या अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या आहाराची पाहणी करणाऱ्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असं त्यात दिसलं. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पॉलिश केलेल्या धान्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ वापरलं, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं आढळलं नाही. त्या ऊर्जेचा थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधाच्या प्रथिनांनी घेतला, तेव्हा धोका कमी दिसला. युरोपातही बदलीची आणि कपातीची अशा दोन्ही वाटा पूर्वी चोखाळल्या गेल्या होत्या. फ्रान्समध्ये बुशार्दा यांनी १८४१ मध्ये मधुमेहींसाठी ग्लुटेनचा पाव सुचवला. तो पर्यायांच्या बाजारपेठेचा आरंभ. लंडनच्या विल्यम बँटिंगनं १८६३ मध्ये आपल्या स्थूलपणावरची पुस्तिका काढली तेव्हा मुख्य सल्ला पाव, बटाटा, साखर आणि बिअर आवरण्याचा होता.

यावर पहिला आक्षेप तंतूंचा. ज्वारीत तंतू जास्त, ती सावकाश पचते, साखर एकदम चढत नाही. मैद्याशी किंवा पांढऱ्या भाताशी तुलना केली तर हे बरोबर आहे. पण चाळण न लावलेल्या कणकेत तंतू ज्वारीहून कमी नाहीत. त्याच तक्त्यांत दोन्ही दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास आहेत. भाकरीचा खरा फायदा बहुधा वेगळाच आहे: ती चपातीपेक्षा जाड, कोरडी आणि लवकर पोट भरणारी, म्हणून दोनात भागतं. म्हणजे फायदा झाला तर तो पुन्हा संख्येतूनच.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस: जुनी माणसं चार-चार भाकरी खात, त्यांना कुठे साखर होती? मोट हाकणारा, वखर धरणारा, डोक्यावर सरपण घेऊन घाट चढणारा माणूस ती भाकरी संध्याकाळपर्यंत जिरवत असे. शिवाय साखर तपासणारं कोणी नव्हतं आणि दर काही वर्षांनी दुष्काळ ताटाला कात्री लावत होता. आज ट्रॅक्टरनं नांगरट होते, तणनाशकानं निंदणी होते आणि पाचोऱ्याला जायला मोटारसायकल आहे. पूर्वजांची भाकरी तेवढी उचलायची आणि त्यांचा दिवस सोडून द्यायचा, हा हिशेब अर्धाच राहतो.

मग बदामाच्या, नारळाच्या, जवसाच्या पिठाच्या पोळ्या? त्यांत कर्बोदकं खरोखरच कमी असतात, त्यामुळे शास्त्रीय आक्षेप नाही. आक्षेप दोन आहेत. एक किमतीचा, जो सोयगावात वादाचा विषयच होऊ शकत नाही. दुसरा सवयीचा: गोल वस्तू ताटात राहिली की तिच्यासोबत जुना आकडाही राहतो, आणि पीठ संपलं त्या आठवड्यात माणूस गव्हावर परततो. कळण्याची भाकरी या दोन्ही कसोट्यांवर बरी उतरते. अख्ख्या उडदात कर्बोदकं ४४ ग्रॅम आणि प्रथिनं २२. तीन भाग ज्वारी, एक भाग उडीद घेतला तर पिठातली कर्बोदकं ६२ वर येतात आणि प्रथिनं १० वरून १३ वर जातात. निम्मं-निम्मं केलं तर ५६ आणि १६. सुधारणा आहे, पण चमत्कार नाही. कळण्याचं मोल पिठात जितकं आहे तितकंच तिच्या बैठकीत आहे: सोबत वांग्याचं भरीत, तेल, मिरचीचा ठेचा, आणि भाकरी एक, फार तर दीड.

शेवटचा आक्षेप गरिबीचा, आणि त्याला शास्त्रानं उत्तर देता येत नाही. शेतमजूर बाईला ‘एकच भाकरी खा’ असं सांगणं म्हणजे तिच्या उसळीची वाटी मोठी होईपर्यंत ‘उपाशी राहा’ असंच सांगणं आहे. चाळीस ग्रॅम मुगाची उसळ १८ ग्रॅम कर्बोदकांत ९ ग्रॅम प्रथिनं देते. भाकरीची जागा घ्यायची तर ती अशा गोष्टीनं. ज्याला साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यानं भाकरी एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. पण बाकीच्यांसाठी प्रश्न पिठाचा नसून डाळीचा आहे, आणि रेशनचं माप अजूनही पौंडभर धान्याच्याच हिशेबात अडकलेलं आहे. उडीद-मूग ही सत्तर-पंचाहत्तर दिवसांची पिकं. कपाशी पसरायच्या आत निघून जातात, त्यामुळे तिच्या तासांमध्ये ती आजही बसतात. बाजारासाठी नाही तरी घरच्या कोठीपुरती.