यादी : धोब्याकडचे कपडे धरून

नातेवाइकांना बँकेतला माणूस दोनच वेळी आठवतो. घरात लग्न निघालं की कोऱ्या नोटांची पुडकी आणायला, आणि कोणी गेलं की मागे उरलेला संसार निस्तरायला. माझी आत्या गेली तेव्हा तेरावं आटोपल्यावर तिच्या मुलाने परदेशातून आणलेली बॅग पुन्हा भरली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, तू बँकेत आहेस. तुला हे जमेल. काय ठेवायचं, काय विकायचं ते तूच ठरव. मला फक्त एक यादी पाठव."

वाडा पाडायचा होता. दोन खोल्या आणि एक माळा रिकामा करून द्यायला महिन्याची मुदत होती. म्हणजे माझ्या हिशेबाने चार रविवार.

संसार विकायचा म्हणजे सामान उचलून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पोचवायचं, अशी माझी समजूत होती. पहिल्याच रविवारी कळलं, की विकणं हे शेवटचं अर्ध्या तासाचं काम. त्याआधी प्रत्येक वस्तू हातात घ्यावी लागते, ती काय आहे ते ओळखावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ती कोणाची ते ठरवावं लागतं. आत्याच्या घंगाळावर तिच्या सासूचं नाव होतं, परातीवर थोरल्या जावेचं, आणि तांब्याच्या बंबावर अशा एका गृहस्थांचं, की ज्यांना आमच्या घराण्यात कोणीच ओळखत नाही. बंब त्यांना परत करायचा राहिला असावा. बाराच्या सुमारास माझे सतरा नग लिहून झाले होते आणि माळा अजून वरच होता. तेव्हा मी सगळ्या कारकुनांना ठाऊक असलेलं अस्त्र बाहेर काढलं. उरलेलं सगळं एका पोत्यात कोंबलं आणि यादीत लिहिलं, 'किरकोळ सामान – १ पोते.'

मग पुस्तकांकडे वळलो. घर आवरताना पुस्तकांकडे वळू नये. आत्याचे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांच्या फडताळात रेम्ब्रां या डच चित्रकारावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. रद्दीवाला तराजू घेऊन उभा राहिला आणि मी जमिनीवर बसून वाचू लागलो. चित्रातलं मला फारसं कळत नाही. पण पुस्तकाच्या शेवटी एक लांबलचक यादी होती, आणि यादीतलं मला कळतं. ती रेम्ब्रांच्या घरातल्या सामानाची, लिलावासाठी केलेली यादी होती. रद्दीवाला कंटाळून निघून गेला.

रेम्ब्रां म्हटलं की लोकांना काळोखातून उजळून निघालेला एखादा म्हातारा चेहरा आठवतो. मला त्या दुपारी भेटला तो थकबाकीदार रेम्ब्रां. १६३९ साली त्याने आम्स्टरडॅममध्ये मोठ्या वस्तीत १३,००० गिल्डरला एक घर घेतलं. चौथा हिस्सा आधी भरायचा आणि बाकीचे पाच-सहा वर्षांत, असा करार होता. चित्रांना मागणी होती, पैसा येत होता. पण जिथे लिलाव असेल तिथे हा हजर. शंख-शिंपले, जुनी शिरस्त्राणं, दुसऱ्यांची चित्रं, जे दिसेल ते घ्यायचा. हप्ते तेवढे राहून गेले. १६५३ साली घराच्या मूळ मालकाने हिशेब मांडला, तेव्हा व्याज वगैरे धरून ८,४७० गिल्डर येणे निघालं. रेम्ब्रांने एक कर्ज फेडायला दुसरी कर्जं काढली. पुढची गोष्ट कुठल्याही बँकेच्या वसुली खात्यात ऐकायला मिळेल.

या गोष्टीत एक जुनी यादी आहे. म्हणजे खरं तर ती नाही. रेम्ब्रांची बायको सास्किया १६४२ साली वारली. मुलगा टिटुस तेव्हा वर्षाचाही नव्हता. आईच्या वाट्याची मिळकत त्याची होणार होती. अशा वेळी पोरक्या मुलांचं हित पाहणाऱ्या सरकारी कचेरीत मालमत्तेची यादी द्यावी लागे. पण सास्कियाने मृत्युपत्रात नवऱ्याला त्यातून सूट दिली होती. विश्वासाचा मामला! पाच वर्षांनी तिच्या माहेरच्यांनी विचारणा केली, तेव्हा मागचा अंदाज करून ४०,७५० गिल्डरचा आकडा मांडण्यात आला. आमचे एक जुने साहेब म्हणत, की ज्या घरात प्रेम असतं तिथे पावती घेत नाहीत, आणि ज्या घरात पावती घेत नाहीत तिथे पुढे प्रेम राहत नाही.

१६५६ च्या मे महिन्यात रेम्ब्रांने घर मुलाच्या नावावर केलं. ही युक्ती आपल्याकडच्या कर्जदारांनी शोधून काढली असा माझा इतके दिवस गैरसमज होता. जुलैत त्याने नादारीचा अर्ज केला. अर्जात कारण दिलं होतं धंद्यातली खोट आणि समुद्रावर झालेलं नुकसान! चित्रकाराचं समुद्रावर काय बुडालं असेल ते असो. पण कर्जदाराच्या अर्जात पाऊस, पूर किंवा समुद्र यांपैकी काहीतरी असावं लागतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

आम्स्टरडॅममध्ये बुडीत घरांचा कारभार पाहणारं एक स्वतंत्र खातंच होतं. नव्या भव्य नगरभवनात त्याची कचेरी होती आणि तिच्या दारावर दगडी कोरीवकाम होतं : सूर्याच्या फार जवळ उडाल्यामुळे खाली कोसळणारा ग्रीक पुराणातला इकारस, आणि जोडीला रिकामी पेटी, कागदपत्रं आणि उंदीर. आत जाणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगायची गरजच नव्हती. आमच्या शाखेत याच कामासाठी हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर लावलेलं आहे.

त्या खात्याचा कारकून २५ आणि २६ जुलै १६५६ हे दोन दिवस रेम्ब्रांच्या घरात होता. (इकडे शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली तेच हे वर्ष.) दोन दिवसांत त्याने ३६३ नोंदी केल्या. एका माणसाने, बोरूसारखी लेखणी शाईत बुडवून बुडवून! मी सतरा नगांत गारद झालो होतो, त्यामुळे हा मनुष्य मला रेम्ब्रांपेक्षा थोर वाटू लागला.

त्याची पद्धत सरळ होती. दारातून आत शिरायचं आणि एकेक खोली संपवत पुढे जायचं. ओटीच्या खोलीत पहिलं चित्र एका भटारखान्यातल्या आचाऱ्याचं. पहिल्या नंबरावर तेच, कारण ते आधी दिसलं. मग रशियन चामड्याच्या चार खुर्च्या, मग काळ्या बैठकीच्या दोन. सारखी वस्तू पुन्हा आली की लेखणी लिहिते 'दितो'. आपल्या जुन्या दप्तरात 'कित्ता' लिहीत, तसंच. तीनशे-चारशे वर्षांत आणि सातासमुद्रांपलीकडे कारकुनाचं दुखणारं मनगट एकच.

मग रेम्ब्रांच्या संग्रहाची खोली आली. रोमन बादशहांचे पुतळे, होमर, सॉक्रेटिस, शंख, पोवळी, चित्रांच्या वह्यांमागून वह्या. त्यांतल्या एकीत 'चमत्कारिक' बारीक चित्रं असल्याची नोंद आहे. ती मोगल चित्रं असावीत असं अभ्यासक मानतात. कारण शहाजहान आणि त्याच्या दरबाऱ्यांची मोगल चित्रं पाहून रेम्ब्रांने केलेली वीसहून अधिक रेखाटनं आजही आहेत. आग्र्याचा बादशहा आम्स्टरडॅमच्या एका नादार माणसाच्या फळीवर बसला होता, आणि कारकुनाने त्यालाही नंबर दिला.

एका मोठ्या चित्रापुढे नोंद आहे, की याची अर्धी मालकी दुसऱ्या एका गृहस्थाची. ते वाचून मला आत्याचा बंब आठवला आणि जरा धीर आला.

शेवटी स्वयंपाकघर. इथे मात्र आमचा दोस्त थकला. एक पाण्याचं भांडं, एक लहान टेबल, जुन्या खुर्च्या, आणि 'काही भांडीकुंडी'! शंखांची नोंद करणाऱ्या माणसाने आख्खं स्वयंपाकघर चार-दोन ओळींत उडवलं. आत्याने हे वाचलं असतं तर त्याला उभं राहून प्रत्येक चमचा मोजायला लावला असता. पुरुषाने केलेली यादी कुठे आखडते हे मला ओळखीचं होतं. माझं पोतं तरी दुसरं काय होतं?

पण यादी तिथे संपत नाही. खाली आणखी एक सदर आहे : धुवायला बाहेर गेले असल्याचे सांगण्यात आलेले कपडे. तीन सदरे, सहा हातरुमाल, बारा नॅपकिन, तीन टेबलक्लॉथ, काही कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या. घरात नसलेली, धोब्याकडून अजून यायची असलेली वस्तूसुद्धा त्याने सोडली नाही. 'सांगण्यात आलेले' म्हणजे कोणीतरी त्याला ते सांगितलं असणार. सगळं जात असताना घरातलं कोणीतरी म्हणालं, की थांबा, आमचे तीन सदरे धुवायला गेलेत. मी ती ओळ दोनदा वाचली.

लिलाव १६५७ आणि १६५८ मध्ये झाले, कालव्हरस्ट्राट नावाच्या रस्त्यावरच्या एका खाणावळीत. दिवस वाईट होते. १६५२ ते १६५४ या काळात इंग्रजांशी झालेल्या युद्धाने बाजार मंदावलेला होता, आणि गरजवंताचा माल तसाही पडूनच जातो. घर ११,२१८ गिल्डरला गेलं, म्हणजे खरेदीपेक्षा १,७८२ कमी. पुढे दोन जाणकारांनी साक्ष दिली, की १६४० ते १६५० च्या सुमाराला रेम्ब्रांचा संग्रह ११,००० गिल्डरचा आणि चित्रं ६,४०० गिल्डरची होती. लिलावात त्या मानाने फारच थोडं हाती आलं. देणी काही फिटली नाहीत. टिटुसच्या पालकाने कोर्टात भांडून भांडून १६६५ साली त्याला ६,९५२ गिल्डर मिळवून दिले. रेम्ब्रां भाड्याच्या घरात राहायला गेला आणि १६६९ साली वारला.

सामान असं दाही दिशांना गेलं. यादी मात्र कचेरीत राहिली. आम्स्टरडॅम शहराने १९०७ साली ते घर विकत घेतलं आणि १९११ साली तिथे संग्रहालय उघडलं. पुढे १९९९ मध्ये खोल्या पुन्हा रेम्ब्रांच्या वेळेसारख्या सजवल्या, तेव्हा ओटीवर काय होतं आणि संग्रहाच्या खोलीत काय होतं ते सांगायला त्या दोन दिवसांचे कागद होते. घर मोडण्यासाठी केलेल्या यादीनेच घर पुन्हा उभं केलं. कारकुनाच्या जमातीला अभिमान वाटावा अशा गोष्टी जगात फार नाहीत. त्यांतली ही एक.

पुढच्या रविवारी मी पोतं उघडलं. डब्यांची नुसती झाकणं, ११. मापटं, १. दांडा नसलेली किसणी, १. दिवाळीच्या रांगोळीचे छापे, ४. ड्रॉइंग मास्तरांचे संपत आलेले ब्रश, दोऱ्याने बांधलेले, एक जुडी. कित्ता, लहान, एक जुडी. लिहिता लिहिता दुपार झाली, आणि दारात कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला उभा राहिला. हातात घडी केलेली दोन पातळं.

"आजींची राहिली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "गावाला गेलो होतो. आल्यावर कळलं."

मी पाकीट काढलं.

"पैसे त्यांनी आधीच दिलेत," तो म्हणाला आणि पातळं खुर्चीवर ठेवून गेला.

मी यादीच्या शेवटी नवं सदर काढलं : इस्त्रीवाल्याकडून आलेले – पातळे, २. एकूण नग २१४. त्या रात्री यादी पाठवून दिली. सगळी फार तर वरवर चाळेल, अशी माझी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आतेभावाचा फोन आला. घंगाळाबद्दल तो बोलला नाही, बंबाबद्दलही नाही. थोडा वेळ गप्पच होता.

मग म्हणाला, "दादा, ती शेवटची दोन विकू नकोस."

मी त्या नोंदीपुढे 'विकणे नाही' असं लिहिलं, सही केली आणि सवयीने खाली तारीख घातली.