मुक्कामाची गावे : परभणी जिल्ह्यात उतरण्याजेवणाची सोय कशी घडली

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यात आहे. ईशान्येला औंढा नागनाथ, दक्षिणेला परळी वैजनाथ, पूर्वेला नांदेड आणि पश्चिमेला पैठण अशी मोठी क्षेत्रे त्याच्या भोवती आहेत. औंढा तर 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्यामुळे या मुलुखात मुक्कामाला येणाऱ्यांपेक्षा तेथून पुढे जाणारे नेहमीच जास्त राहिले. यात्रेकरू, कापसाच्या गाड्या, सरकारी अंमलदार आणि आगगाडी बदलणारे उतारू यांच्यासाठी येथे राहण्याजेवण्याची सोय झाली. ती प्रत्येक वेळी ठरावीक लोकांसाठी होती. पैसे टाकून कोणालाही खोली मिळावी ही रीत जिल्ह्यात फार उशिरा आली.

रेल्वेपूर्व काळातल्या प्रवासाला पहिली गरज पाण्याची होती. मुक्काम कुठे करायचा हे बहुधा बारवेवरून ठरे. यादवकाळापासून या भागात दगडी बारवा बांधल्या गेल्या. सेलू तालुक्यातील वालूर येथील बारवेच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात. अशी रचना महाराष्ट्रात विरळाच आढळते. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे मंदिरांच्या समूहालगत पुष्करणी आहे. बारव आणि देऊळ जवळजवळ असले की वाटसरूचे काम भागे. बारवेवर आंघोळ आणि पाणी, देवळाच्या सभामंडपात पथारी आणि बाहेर तीन दगडांची चूल. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या तेराव्या शतकातील गोदाकाठच्या भ्रमंतीची नोंद त्यांच्या पंथीयांनी ‘स्थानपोथी’त करून ठेवली आहे. तीत ते कोठे दीर्घकाळ राहिले, कोठे एक रात्र राहिले आणि कोठे नुसते बसले याची वेगवेगळी टिपणे आहेत. त्यांच्या मुक्कामाच्या जागा बहुतेक देवळे आणि मठ याच आहेत.

गावात उतरणाऱ्याला मारुतीचे देऊळ, पार, चावडी किंवा पाटील-कुलकर्ण्यांच्या वाड्याची ओसरी एवढेच आसरे होते. ओसरीवर झोपायचे, पण जेवण आपापले, कारण कोणाच्या हातचे खायचे याचे नियम कडक होते. म्हणून यजमान शिजवलेले अन्न देण्याऐवजी शिधा देत: पीठ, तांदूळ, डाळ, मीठ, तूप आणि सरपण. पाहुणा स्वतः रांधून खाई. प्रवासाला निघताना घरूनच बांधून घ्यायच्या पदार्थांत दशम्या आणि धपाटे मुख्य. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. दुधात मळलेले अन्न प्रवासात चालते अशी समजूत होती, शिवाय दशमी नरम राहते. धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर बेसन, तिखट, हळद आणि तीळ पडतात. सोबत दही किंवा शेंगदाण्याची चटणी असली की कालवणाची गरज उरत नाही.

गोदाकाठी मात्र उतरण्याची व्यवस्था निराळी होती. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. अस्थिविसर्जन, श्राद्ध आणि पर्वकाळच्या स्नानासाठी आसपासच्या तालुक्यांतून लोक येथे येत आले आहेत. पाथरी तालुक्यातील मुद्गल येथे नदीपात्रातील मुद्गलेश्वराच्या दर्शनाला गर्दी होते. तीर्थाच्या गावी उतारू सहसा आपल्या उपाध्यायाकडे उतरे. उपाध्यायाच्या घरात यजमानासाठी एखादी खोली किंवा पडवी राखलेली असे, धार्मिक विधीचे साहित्य तेथेच मिळे आणि जेवणही तेथेच होई. खोलीचे भाडे असे वेगळे नसे, ते दक्षिणेत आणि दानात मिसळलेले असे. हा संबंध पिढ्यान्‌पिढ्या चाले. आजोबा ज्या घरी उतरले त्याच घरी नातू उतरे.

पंढरीच्या वारीने मुक्कामाची आणखी एक पद्धत रूढ केली. दिंडी एका वाटेने, ठरल्या तिथीला, ठरल्या गावी पोचते आणि त्या दिवशीच्या पंगतीची जबाबदारी गाव उचलते. शेगावहून पायी निघणारी श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा आणि गंगाखेड या मार्गाने परळीकडे जाते. शेकडो वारकऱ्यांचा हा मुक्काम शाळेच्या खोल्या, मंगल कार्यालये, देवळांची आवारे आणि तंबू यांत होतो. भाकरी घरोघरी थापल्या जातात आणि पंगतीच्या जागी आणून एकत्र केल्या जातात. एका घरावर पाच-दहा भाकरींचाच भार येतो, म्हणून लहानसे गावही एवढी मोठी पंगत उठवू शकते.

जिंतूरजवळच्या नेमगिरी या जैन क्षेत्राची पद्धत याहून वेगळी. तेथील गुहामंदिरांत एका छोट्या दगडाच्या आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. जैन क्षेत्रावर येणाऱ्यांना आहाराचे नियम पाळावे लागतात. जेवण सूर्यास्तापूर्वी, पाणी गाळलेले आणि कांदा, लसूण, बटाटा यांसारखी कंदमुळे वर्ज्य. गावातल्या खानावळीत हे जमणे कठीण, म्हणून अशा क्षेत्रांवर समाजाच्या देणग्यांतून धर्मशाळा आणि भोजनशाळा उभ्या राहतात. परभणी शहरातील हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. त्याला सर्व धर्मांचे लोक येतात. उरुसात पक्क्या इमारतीपेक्षा तंबूंचीच वस्ती मोठी. हलवा-पराठा, भजी आणि जिलबी यांच्या दुकानांची रांग पंधरा दिवसांपुरते एक गावच वसवते.

राज्यकर्त्यांची सोय यापेक्षा निराळी होती. पाथरी हे मध्ययुगातील मोठे ठाणे. निजामशाही आणि इमादशाही यांच्यात त्याच्यावरून लढाया झाल्या आणि अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त ते वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण म्हणून येते. अठराव्या शतकापासून हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे होता. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने 1860 च्या दशकात जिल्हाबंदी, म्हणजे मुलुखाची जिल्ह्यांत विभागणी, केल्यावर अव्वल तालुकदार (जिल्हाधिकारी), तहसीलदार आणि पोलीस अंमलदार यांचे दौरे नियमित सुरू झाले. साहेब तंबूत किंवा मुसाफिर बंगल्यात उतरे. हे बंगले साधारण एकाच नमुन्याचे: उंच जोते, पुढे-मागे व्हरांडा, दोन खोल्या, मागे वेगळे स्वयंपाकघर आणि एक खानसामा. सामान्य वाटसरूला तेथे थारा नव्हता.

अंमलदाराच्या मुक्कामाचा खर्च मात्र गावावर पडे. गवत, सरपण, दूध, कोंबड्या, अंडी, पाणी भरणारे हात आणि सामान वाहणारी माणसे वेठीने लावली जात. गावगाड्यात निरोप पोचवणे, ओझे पुढच्या गावापर्यंत नेणे आणि अंमलदाराच्या घोड्याची बडदास्त ठेवणे ही कामे महारांच्या माथी होती. हैदराबाद संस्थानातील लोकचळवळीने वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला, त्यामागे असे रोजचे जाच होते.

जे दुसऱ्यांच्या मुक्कामासाठी राबत त्यांना स्वतः प्रवासात उतरायला जागा नव्हती. देवळाचा मंडप, धर्मशाळेची ओसरी, बारवेचे पाणी हे सारे अस्पृश्यांना बंद होते. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह निजामाच्या हद्दीतील वेरूळ आणि दौलताबाद पाहायला आले. त्रास टळावा म्हणून त्यांनी ओळख न सांगता प्रवास करायचे ठरवले होते आणि मुक्काम जेथे करायचा त्याच ठिकाणच्या लोकांना तेवढे कळवले होते. तरीही दौलताबाद किल्ल्याजवळच्या हौदावर हातपाय धुतल्यावरून त्यांना अडवण्यात आले. ही घटना परभणीबाहेरची, पण मराठवाड्यातील कोणत्याही वाटेला लागू पडणारी. अशा प्रवाशाला प्रत्येक गावी आपल्याच वस्तीत नातलग किंवा ओळखीचे घर शोधावे लागे. संविधानाच्या कलम 15 ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानघाट सर्वांना खुले केले. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने खानावळ, धर्मशाळा, सराई किंवा मुसाफिरखाना नाकारणे हा गुन्हा ठरवला.

रेल्वेने या चित्रात मोठा बदल केला. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके तिच्यावर आली. वरच्या वर्गाच्या उतारूंना आरामखुर्च्यांची प्रतीक्षागृहे होती. तिसऱ्या वर्गाला उघडा मुसाफिरखाना: वर पत्रा किंवा कौले, खाली फरशी, कडेला पाण्याचा नळ. गाडी रात्री-बेरात्री येई आणि पुढची गाडी सकाळी असे, म्हणून हा मुसाफिरखाना गरिबाची धर्मशाळाच झाला. पाणी आणि चहाची हिंदू-मुसलमान अशी वाटणी त्या काळी हिंदुस्थानभर स्थानकांवर दिसे. मानवत रोड स्थानक मानवत गावापासून दूर असल्याने रात्री उतरलेल्याला टांगा किंवा बैलगाडी मिळेपर्यंत फलाटावरच थांबावे लागे.

पूर्णा येथे हिंगोलीकडे फाटा फुटला, इंजिनांची शेड झाली आणि रेल्वे कामगारांची वसाहत वसली. बाहेरगावाहून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड परतीच्या पाळीपर्यंत रनिंग रूममध्ये राहत. प्रत्येकाजवळ एक पेटी असे, तीत कंदील, झेंड्या, कपडे आणि शिधा. शिधा आचाऱ्याच्या हवाली केला की तो ज्याचे त्याचे जेवण वेगळे शिजवून देई. ओसरीवरची शिध्याची जुनी रीत अशी कामगारांच्या नोकरीतही टिकून राहिली.

रेल्वेबरोबर कापसाचा व्यापार वाढला. सेलू, मानवत आणि परभणी येथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि आडतीची दुकाने आली. कापूस घेऊन आलेला शेतकरी लिलाव आणि माप होईपर्यंत आडत्याच्या ओट्यावर किंवा आपल्याच गाडीखाली झोपे. बाजाराच्या दिवशी भज्यांची आणि चहाची हॉटेले चालत. मोंढ्याभोवती बसून खायची जागा म्हणजे हॉटेल, तेथे राहायची सोय नसे.

रोजच्या जेवणाची खानावळ मात्र कचेऱ्या आणि शाळांमुळे आली. बदलून आलेले कारकून, शिक्षक आणि शिकायला आलेली मुले यांना दोन वेळचे जेवण हवे होते. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्यांना पैसे देणे शक्य होते ते महिन्याच्या बोलीवर खानावळीत जात. आरंभीच्या खानावळी बहुधा जातीच्या नावाने ओळखल्या जात. अनेक खानावळी बाया, विशेषतः विधवा, आपल्या घरातच चालवत. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, येसराची आमटी, ठेचा असे ताट असे. येसर म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले दळून केलेले पीठ. ते वर्षभर टिके आणि भाजी नसली तरी आमटी दाट होई. उन्हाळ्यात भाज्या महागणाऱ्या या मुलुखात खानावळवालीला त्याचा मोठा आधार होता.

मोटार आल्यावर मुक्काम कमी झाले आणि थांबे वाढले. निजाम सरकारने 1932 साली 27 बसगाड्यांवर रस्ते वाहतूक सुरू केली होती. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, 1956 साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आला. 1961 पासून एसटी महामंडळाच्या गाड्या तालुक्यातालुक्यांत पोचल्या. सकाळी कचेरीचे काम करून संध्याकाळी गावी परतता येऊ लागले, त्यामुळे धर्मशाळांची गरज घटली. ज्यांना थांबणे भाग होते, म्हणजे फिरते विक्रेते, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार, दवाखान्यात आणलेल्या रुग्णांचे नातलग, त्यांच्यासाठी परभणीत बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात लॉज निघाले. नाव-गाव वहीत लिहायचे, आगाऊ पैसे द्यायचे आणि किल्ली घ्यायची, या व्यवहारात ओळख किंवा जात आड येण्याचे कारण उरले नाही. खाली भोजनालय आणि वर खोल्या ही मांडणी तेव्हाची. सरकारी पाहुण्यांची जुनी परंपरा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ‘सावली’ विश्रामगृहात पुढे चालू राहिली. येलदरीसारख्या धरणांमुळे पाटबंधारे खात्याची विश्रामगृहेही मराठवाड्यात ठिकठिकाणी उभी राहिली.

18 मे 1972 रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि शहराला राहायला येणाऱ्यांचा नवा वर्ग मिळाला. वसतिगृहे, मेस, घरगुती डबे आणि पाहुण्या शास्त्रज्ञांसाठी अतिथिगृह ही सारी त्यातून वाढली. दरवर्षी 18 मे रोजी खरीप आणि 17 सप्टेंबरला रब्बी मेळावा भरतो. त्याला येणारे बहुसंख्य शेतकरी बियाणे घेऊन त्याच दिवशी परततात, म्हणून तेथे खोलीपेक्षा जेवणाच्या सोयीची गरज अधिक भासते.

अलीकडचा बदल पाथरीत दिसतो. साईबाबांचा जन्म येथील भुसारी घराण्यात झाला, हे मत विश्वास खेर यांनी 1970 च्या दशकात शोध घेऊन मांडले. त्या घराच्या जागेवर 1999 साली मंदिर खुले झाले. 2020 च्या जानेवारीत राज्य सरकारने पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली तेव्हा जन्मस्थानाच्या उल्लेखाला विरोध म्हणून शिर्डीत बंद पाळण्यात आला. वाद काहीही असो, मंदिरामुळे आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातून भाविक येऊ लागले आणि पाथरीत मंदिराच्या आश्रयाने निवास आणि महाप्रसादाची व्यवस्था झाली. नव्या भक्तनिवासाची पद्धत जुन्या धर्मशाळेसारखी देणगीवर चालणारी आहे आणि लॉजसारखी नोंदणी करून खोली देणारीही आहे. तेथे उतरणाऱ्याला शिधा मागावा लागत नाही आणि आपली चूलही मांडावी लागत नाही. प्रसादाच्या पंगतीला सारे एकत्र बसतात.