बेळगावचा लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे इथेच त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. यंत्राचा फायदा गोठ्यात लगेच कळे. अख्ख्या कडब्याचे बुडखे जनावरे टाकून देत. बारीक कुट्टी केली की तेवढी वैरण वाचे.

नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली, असे सांगतात. शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या एका नांगरटीवर अवलंबून. तो नुसत्या शब्दावर कसा विश्वास ठेवणार? शेजाऱ्याच्या रानात खोल नांगरट आणि त्यावरचे पीक दिसले, तेव्हाच त्याचा हात खिशाकडे गेला.

पुढे कारखान्याला बेळगाव सोडावे लागले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. माल विकल्यावरही गिऱ्हाइकाशी नाते राखायचे, ही रीत तिथे रुजली.

कारखाना आपल्या हातून गेला; पण मालाची खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या रानात होते, हा त्याचा पहिला धडा बेळगावच्या मातीतलाच.