जीपचा टप : एका कापडी छपराची हकीकत

आपल्या रायगड जिल्ह्यात ‘टप’ हा शब्द माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. एसटीच्या टपावर सामान चढवले जात असे, रिक्षाचा टप फाटतो, जीपचा टप पावसाळ्याआधी शिवून घेतात. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र या टपाला जागा नाही. तेथे राजे आहेत, लढाया आहेत, तह आहेत. ज्या कापडाखाली बसून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाऊस काढला, त्या कापडाची नोंद करावी असे कुणाला वाटले नाही. ती थोडीफार करावी, एवढाच या लेखाचा हेतू.

मोटार आली ती घोडागाडीच्या पोटातून. मुंबईच्या व्हिक्टोरियाला मागच्या बाजूला घडी होणारा टप होता. ऊन-पाऊस असेल तेव्हा तो पुढे ओढायचा, नसेल तेव्हा मागे पाडायचा. (ती व्हिक्टोरियाही आता नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवून बंद करण्याचा आदेश दिला.) सुरुवातीच्या मोटारींनी हाच टप जसाच्या तसा उचलला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा टप चढवायला दोन माणसे लागत, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. एकट्याने चढवता येईल असा टप त्या गाडीला १९२३च्या सुमारास मिळाला. तोवर एकटा चालक पावसात सापडला तर भिजणे त्याच्या नशिबीच होते.

लोकांना उघड्या गाडीची हौस होती म्हणून त्या उघड्या होत्या, असे मात्र नाही. बंद गाडीची बॉडी बनवायला लाकूडकाम व हातमजुरी जास्त लागे, म्हणून ती महाग पडे. पत्रा दाबून बॉडी बनवण्याचे तंत्र सुधारले, किंमत उतरली आणि गिऱ्हाईक लगेच पक्क्या छपराखाली गेले. अमेरिकेत १९१९ साली शंभरातल्या जेमतेम दहा मोटारी बंद होत्या. १९२७ साली पंच्याऐंशी. आठ वर्षांत कापडी टप गरजेचा राहिला नाही, शौकाचा झाला. १९३९ साली प्लिमथ कंपनीने यंत्राने उघडणारा टप आणला तो या शौकिनांसाठीच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. कापडी टप आपल्याकडे जीपबरोबर आला आणि राहिला. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, बुटकी, पटकन लपवता येईल अशी गाडी हवी होती. पक्के छप्पर असते तर वजन वाढले असते आणि गाडी दुरून दिसली असती. म्हणून दोन कमानी व एक कॅनव्हास, एवढेच छप्पर तिला दिले. लढाईत अशा सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या.

ही जीप आपल्या देशात जोडली जाऊ लागली ती मुंबईत, माझगावला. १९४९ साली तेथून पहिली जीप बाहेर पडली. जोडणारी कंपनी महिंद्रा. पण या कंपनीचे मूळ नाव आमच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? १९४५ साली ती ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. जगदीशचंद्र व कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. पोलादाचा व्यापार हा धंदा. १९४७ साली फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल राहिले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आद्याक्षरे तीच राहिली, मोहम्मद मात्र गेले.

वर्गात हे सांगितले की मुले चकित होतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की पाटीवरून एक नाव गेले म्हणून कारखान्यातले हात गेले नाहीत. गेलेल्यांच्या चरित्रावर ग्रंथ लिहिले जातात. राहिलेल्यांनी जीपा चालवल्या, गॅरेजे थाटली, सीटा आणि टप शिवले. त्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

आता टप घालण्याच्या खटाटोपाविषयी. माझ्या लहानपणी नात्यातल्या एका चाचांकडे जुनी जीप होती. चिरनेरहून पनवेलला निघताना आकाश स्वच्छ, आणि कर्नाळ्याच्या बाजूने ढग उतरला की गाडी कडेला. आधी कमानी उभ्या करायच्या आणि त्यांचे पेच आवळायचे. मग सीटमागची घडी उलगडून कापडाची पुढची कड काचेच्या चौकटीत बसवायची, कापड कमानींवरून मागे ओढायचे, वाद्या कड्यांतून काढून ताणायच्या. शेवटी बाजूचे पडदे. “पोरा, तिकडची वादी धर, सोडू नकोस,” हे चाचांचे वाक्य ठरलेले. सगळे होईतो आतले निम्मे लोक भिजलेले असत.

यात शहाणपण लागे. सुती कॅनव्हास भिजला की आखडतो. म्हणून कोरड्यात फार ताणून बांधला तर ओला होताच शिवण उसवते. ओला टप घडी करून ठेवला की बुरशी धरते. कमानी पाडताना कापड आधी बाहेर ओढले नाही तर ते कमानीत चिमटून कापले जाते. पडद्यातली प्लॅस्टिकची खिडकी उन्हाने पिवळी पडते आणि घडीवर तडकते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात ही विद्या शेतकऱ्याच्या इरल्याइतकीच उपयोगाची होती.

चिरनेरचे नाव इतिहासात आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. भांडण होते जंगलातल्या लाकडावरच्या हक्काचे. म्हणजे चुलीचे आणि घराचेही. आपल्या डोक्यावरचे छप्पर कोणाच्या मर्जीवर असावे, हा प्रश्न या मातीला नवा नाही.

पुढे वडाप जीपा आल्या, विक्रम-मिनीडोर आले. कापडी टपाखाली आगरी, कोळी, कातकरी, मुसलमान अंगाला अंग लावून बसले. २००० साली बोलेरो आली आणि पक्क्या पत्र्याची सवय झाली. २०२० च्या ‘थार’मध्ये कापडी टप मिळू लागला, तोही हातानेच उघडायचा, पण आता शौक म्हणून.

पक्के छप्पर सोयीचे, यात वाद नाही. पण जुन्या टपाला एका बाजूने ओढून भागत नसे, दुसऱ्या बाजूची वादी कोणीतरी धरावी लागे. ती धरणारा कोण, कुठल्या मोहल्ल्यातला, हे भर पावसात कोणी विचारत नसे.