भोकरचा काळा फत्तर आणि प्राचीन समुद्र

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या आगगाडींतून भोकर ओलांडतांना काळी जमीन आणि कापसाचीं शेतें दिसतात. समुद्राची आठवण व्हावी असें तेथें कांहींच नाहीं. तरीहि ज्या अग्निरसापासून ही जमीन झाली, त्यानें समुद्रांतील जीवसृष्टीचा घात केला कीं काय, ह्याविषयीं गेलीं चाळीसांहून अधिक वर्षें जगभर वाद चालू आहे.

दख्खनचा काळा फत्तर सह्याद्रींत दोन किलोमीटरांहून जाड भरतो. पूर्वेकडे तो पातळ होत जातो. लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जें खोल छिद्र पाडण्यांत आलें, त्यांत ३३८ मीटरांवरच फत्तर संपला आणि कांहीं मीटर गाळाखालीं ग्रॅनाइटवर्गाचा जुना खडक लागला. भोकर तर ह्या फत्तराच्या पूर्व सीमेजवळच आहे. तेथून दक्षिणेस बिलोली-देगलूरकडे तोच जुना खडक उघडा पडलेला दिसतो. त्याचें वय सुमारें २५० कोटि वर्षें. तो घडला तेव्हां समुद्रांत सूक्ष्म जीव होते. परंतु हवेंत प्राणवायु जवळजवळ नव्हता, आणि समुद्राच्या पाण्यांत लोह विरघळलेलें राही. हें लोह मुख्यतः समुद्रतळाच्या उष्ण विवरांतून येई. त्या मानानें काळा फत्तर अगदीं कालचा, म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा.

भोकरच्या पूर्वेस सुमारें ७० किलोमीटरांवर निर्मळ आहे. मद्रास सैन्यांतील शल्यवैद्य जॉन ग्रँट माल्कमसन ह्यानें निर्मळकडील डोंगरांत फत्तराच्या थरांमध्यें दबलेले शंखशिंपले गोळा केले. त्यांवरील त्याचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळानें १८४० सालीं छापला. त्यांतील एका गोगलगाईला जेम्स प्रिन्सेपचें नांव देण्यांत आलें. ब्राह्मी लिपि उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. ही गोगलगाय गोड्या पाण्यांतली. अर्थात् अग्निरस अखंड वाहत नव्हता. एक थर थंड झाला कीं त्यावर माती होई, पावसाचीं तळीं सांचत, त्यांत जीव नांदत. आणि मग पुढला लोंढा येऊन सगळें झांकून टाकी.

समुद्राचा पुरावा मिळतो तो राजमहेंद्रीस. सह्याद्रीकडून सुमारें हजार किलोमीटर वाहत आलेला रस तेथें त्या काळच्या किनाऱ्यापर्यंत पोंचला. घडणीनें तो महाबळेश्वरच्या फत्तराशीं जुळतो. तेथील दोन थरांमधल्या गाळांत फोरॅमिनिफेरा ह्या सूक्ष्म सागरी जीवांचीं कवचें सांपडलीं. २००८ सालीं गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, हीं कवचें महासंहारानंतर लगेच उत्पन्न झालेल्या नव्या जातींचीं आहेत. अग्निरसाबरोबर निघालेला कर्बद्विप्राणिद वायु पाण्यांत विरघळला कीं पाणी आम्लतेकडे झुकतें आणि चुन्याचीं कवचें बांधणें कठीण होतें. त्यावरून दख्खनलाच संहाराचा कर्ता मानणारा पक्ष उभा राहिला.

दुसरा पक्ष १९८० पासूनचा. लुई व वॉल्टर आल्वारेझ ह्या पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठी उल्का आदळल्याचा सिद्धान्त मांडला, आणि पुढें मेक्सिकोंत तिचा खळगाहि ओळखला गेला. २०१९ सालीं दख्खनच्या थरांचीं वयें मोजणारे दोन निबंध एकाच वेळीं प्रसिद्ध झाले. एका गटाच्या मतें रसाचा एक मोठा लोंढा उल्केच्या कांहीं दहा हजार वर्षें आधीं सुटला. दुसऱ्याच्या मतें सुमारें तीन चतुर्थांश रस उल्केनंतर निघाला. त्याच वर्षीं नेदरलंड्समधील एका गुहेंतल्या कवचांच्या परीक्षणावरून असें निघालें कीं, समुद्र हळूहळू आंबत गेला नव्हता. तो उल्केच्या वेळींच एकाएकीं आंबला. पारडें आज उल्केकडे झुकलें आहे. तरी संहारापूर्वींच्या उष्णतावाढीचा आळ दख्खनवरून उतरलेला नाहीं.

ह्याच फत्तराची दुसरीहि एक करणी आहे. हवेंतील कर्बद्विप्राणिद घेऊन पडणारें पावसाचें पाणी काळा फत्तर झिजवितें. त्यांतले क्षार विरघळून नद्यांवाटे समुद्रांत जातात, आणि तेथें त्यांचींच कवचें बनतात. भोकरच्या शिवारांतली काळी माती ह्या झिजेंतून मागें राहिलेली आहे. उरलेला अंश गोदावरी अजूनहि दर पावसाळ्यांत बंगालच्या उपसागराकडे नेत असते.